ज्वारी, वजनकाटा आणि आपण: पोषण संशोधनाबद्दल सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं मी आहार आणि आरोग्याच्या सर्वेक्षणांसाठी सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत घरोघरी फिरले. खांद्याला पिशवी, पिशवीत वजनकाटा, उंची मोजायची पट्टी आणि मापाच्या वाट्या. प्रश्न विचारायचं काम माझं, पण चहा पुढे आला की उलटतपासणी माझीच व्हायची. तेव्हा उंबऱ्यात उभं राहून दिलेली उत्तरं अर्धवट असायची. तेच प्रश्न इथे घेतले आहेत, जसे लोकांनी विचारले तसे.

"काल काय खाल्लं" एवढंच विचारता. त्यातून काय कळणार?

वाटतं त्यापेक्षा बरंच कळतं, आणि वाटतं त्यापेक्षा बरंच निसटतं.

गेल्या चोवीस तासांत पोटात काय गेलं ते आठवून सांगायला लावणं ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. बाई म्हणते, "दोन भाकरी आणि आमटी." आता भाकरी केवढी? मंगळवेढ्याकडची घरची भाकरी आणि शहरातल्या खानावळीतली भाकरी यांत दीडपट फरक पडतो. त्यात आपल्याकडे कडक भाकरी. तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीएवढंच पीठ असूनही ती काट्यावर हलकी भरते. भाकरीचं वजन लिहून घेतलं की हिशोब चुकला. म्हणून आम्ही पीठ किती मळलं ते विचारायचो. आमटीसाठी मापाच्या वाट्या पुढे ठेवायच्या आणि विचारायचं, यातली कोणती? बाई बहुतेक वेळा मोठी वाटी दाखवायची. पातेल्यात डोकावलं की कळायचं, तेवढी आमटी घरात झालीच नव्हती.

आणि वार बघून जावं लागतं. आषाढीच्या आसपास पंढरपूर भागात गेलात तर वहीत साबुदाणा, भगर आणि शेंगदाणेच भरतील. जानेवारीत गड्ड्याची जत्रा असताना शहरात विचारलंत तर सगळं सोलापूर भजी आणि जिलेबीवर जगतं असा निष्कर्ष निघेल. म्हणून उपवासाचा आणि सणाचा दिवस वगळतात.

एका दिवसाच्या उत्तरावरून तुमच्याबद्दल काहीही सांगता येत नाही. पाचशे घरांच्या उत्तरांवरून एका वस्तीबद्दल सांगता येतं. हा फरक लोकांना पटवताना माझी अर्धी नोकरी गेली.

हे मोजमाप आपल्याकडे कधीपासून चालू आहे?

त्याची पहिली पानं दुष्काळाची आहेत. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळलं, आपला जिल्हाही. तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं काटकसरीचा मार्ग काढला. दुष्काळी कामावरच्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यात माणूस तगून काम करतो का ते बघू, असा तो हिशोब. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी यावर हरकत घेतली: खडी फोडणाऱ्याला एवढं पुरत नाही. आपल्या मुंबई इलाख्यात लोक कामं सोडून निघून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू मांडली. माणसाला किती अन्न लागतं, हा वाद आपल्या मातीत तेव्हापासूनचा आहे. तो उपाशी माणसांवर करून पाहिला गेला, हेही विसरू नये.

प्रयोगशाळेतलं काम १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या छोट्या केंद्रात सुरू झालं. तेच केंद्र १९५८ मध्ये हैदराबादला आलं. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या अर्थतज्ज्ञांनी माणशी रोज २,२५० कॅलरींचा आधार घेऊन देशातली गरिबी मोजली. पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ आला. त्यातली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी अजून आठवणारी माणसं प्रत्येक गावात आहेत. त्यांना कॅलरी म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज पडत नाही.

ज्वारी खाणाऱ्यांना एक रोग होतो, असं कुठेतरी वाचलं. खरं आहे का?

हा प्रश्न मला शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी आणि एकदा एका नवऱ्या मुलाच्या आईनं विचारला आहे. उत्तर जरा लांब आहे, पण सोलापूरकरानं ते पूर्ण ऐकावं.

रोगाचं नाव पेलाग्रा. उन्हाला उघड्या असलेल्या कातडीवर काळपट, खरबरीत चट्टे येतात. गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उठतो. जुलाब लागतात, पुढे डोक्यावर परिणाम होतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग मका खाणाऱ्या गरिबांत पसरला होता. सगळे म्हणत, हा संसर्ग आहे. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला ते पटेना, कारण अनाथाश्रमात मुलं आजारी पडत होती आणि त्यांच्यात वावरणारे नोकर ठणठणीत होते. १९१५ मध्ये त्यानं मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर माफीच्या बोलीवर तयार झालेल्या कैद्यांना मक्याचं निकस जेवण दिलं आणि त्यांतल्या सहांना पेलाग्रा झाला. लोक तरी ऐकेनात. तेव्हा त्यानं रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या कातडीच्या खपल्या गिळल्या. त्याला काही झालं नाही. कमतरता नायसिन या जीवनसत्त्वाची आहे, हे १९३७ मध्ये कळलं.

मक्यात नायसिन असतं, पण बांधलेल्या रूपात, ते अंगी लागत नाही. शिवाय शरीर ज्यापासून स्वतः नायसिन बनवतं ते ट्रिप्टोफॅन मक्यात कमी. कोडं सुरू झालं ते दख्खनच्या ज्वारीमुळे. ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याएवढं कमी नाही, तरी हैदराबादच्या रुग्णालयांत ज्वारीवर जगणारे पेलाग्राचे रोगी येतच होते. १९६० मध्ये डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी त्याचा एक खुलासा मांडला: ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, फार, आणि ते नायसिन तयार होण्याच्या वाटेत आडवं येतं. हा खुलासा सगळ्यांनी मान्य केला असं नाही. पुढे ब-६ जीवनसत्त्वाचीही भूमिका पुढे आली आणि वाद चालू राहिला.

आता आपला मुद्दा. माझी आजी ज्वारीवरच नव्वदीला टेकली, तिच्या गळ्यात काळा पट्टा कधी दिसला नाही. मग हैदराबादचे रोगी खोटे होते का? नाही. त्यांच्या ताटात ज्वारी होती आणि ज्वारीच होती. डाळ नावाला, दूध नाही, शेंगदाणे नाहीत, उन्हाळ्यात भाजीही नाही. आजीच्या ताटात भाकरीशेजारी शेंगाची चटणी असायची, आणि शेंगदाणा नायसिनचा चांगला पुरवठादार आहे. तुरीची आमटी, ताकाचा पेला, जमेल तेव्हा पालेभाजी. ताट सुधारत गेलं तसा हा रोग आपल्या भागातून जवळजवळ दिसेनासा झाला. ज्वारी मात्र होती तिथेच राहिली.

मग ज्वारी चांगली की गहू?

शंभर ग्रॅम पिठामागे दोन्हींत प्रथिनं साधारण दहा ग्रॅम, लोहही जवळपास सारखंच. तांदूळ दोन्ही बाबतींत मागे. ज्वारीची प्रथिनं शिजवल्यावर पचायला थोडी जड होतात. १९८१ मध्ये पेरूत लिमा इथे कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांना ज्वारीची लापशी दिली तेव्हा तिच्यातलं नत्र (प्रथिनं नत्रावरूनच मोजतात) निम्म्याहूनही कमी शोषलं गेलं. आंबवलं की हे सुधारतं, म्हणून आंबिलीला नाक मुरडू नका. मधुमेह्यांनी ज्वारी जरूर खावी, पण "ज्वारी आहे ना" म्हणून चार भाकरी चढवू नयेत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान बाळगावा. ते मानांकन चवीचं आणि मातीचं आहे, साखर उतरवण्याचं नाही.

आमच्या जेवणात प्रथिनं कमी आहेत म्हणतात. पावडरचा डबा आणावा का?

हा डबा मी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या एका दहा बाय दहाच्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी पाहिला आहे. मुलाच्या वाट्याच्या रोजच्या अर्धा लिटर दुधाचा आणि अंड्याचा खर्च त्या डब्यात जात होता.

१९५० आणि ६० च्या दशकांत जगभरच्या तज्ज्ञांची समजूत होती की गरीब देशांतली मुलं मुख्यतः प्रथिनांवाचून खंगतात. संयुक्त राष्ट्रांनी प्रथिनांच्या येऊ घातलेल्या संकटावर अहवाल काढला. माशांचं पीठ, सोयाचं पीठ, अगदी तेलावर वाढवलेलं यीस्ट, काय काय शोधलं गेलं. तेव्हा रोममध्ये अन्न आणि कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते पां. वा. सुखात्मे, आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. त्यांनी आहार सर्वेक्षणांचे आकडे वेगळ्या रीतीनं मांडले: ज्यांना प्रथिनं कमी पडतात त्यांतल्या बहुतेकांना एकूण अन्नच कमी पडतं. पोटभर भाकरी-डाळ मिळाली तर प्रथिनांची गरज बहुतेकदा त्यातच भागते. पोटच भरत नसेल तर शरीर प्रथिनंसुद्धा जळणासारखी जाळून टाकतं, मग ती वरून घालून उपयोग काय? १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलारन यांनी या साऱ्या मोहिमेला 'प्रथिनांची महाफजिती' म्हटलं, तोवर पैसा आणि दोन दशकं खर्ची पडली होती.

सुखात्म्यांचं पुढचं काम मात्र मला तितकंसं पटत नाही. माणसाचं शरीर कमी अन्नाशी जुळवून घेतं, असं त्यांनी मांडलं आणि त्यावरून गरिबीचा आकडा कमी दाखवायला अनेकांना सोय झाली. मोठ्या माणसाचं सगळंच बरोबर असतं असं नाही.

आज थोडं मागे वळून असंही म्हटलं जातं की धान्यावरच भर असेल तर प्रथिनांचा दर्जा बघायला हवा. ज्वारीत लायसीन हा प्रथिनांचा घटक कमी, तो डाळीत भरपूर. म्हणजे भाकरीबरोबर आमटी घट्ट करा. डबा दुकानातच राहू द्या.

अंगणवाडीताईंनी नातीच्या नावापुढे 'मॅम' लिहिलंय. ती तर खेळतेय छान!

खेळतेय याचा आनंद आहेच. मॅम म्हणजे मध्यम तीव्र कुपोषण, सॅम म्हणजे अतितीव्र. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर सॅम, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान मॅम. उंचीच्या मानानं वजन किती, यावरूनही ठरवतात. वजन घटलं की पुढचा साधा जुलाबसुद्धा जिवावर येऊ शकतो, म्हणून मूल खेळत असतानाच नाव लिहायचं असतं. ताईंवर चिडू नका. ज्या गावात एकही नाव लिहिलेलं नसतं तिथला काटा मी आधी तपासायची. एका ठिकाणी तो दोन महिने बंद होता आणि वजनं मात्र दरमहा शिस्तीत वाढत होती.

आपली माणसं मुळातच बुटकी. आमच्या पोरांना गोऱ्यांचा तक्ता का लावता?

२००६ पासून वापरतात तो जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता गोऱ्यांचा नाही. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवरून तो बनला. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली, खाऊनपिऊन सुखी घरांतली, आईचं दूध मिळालेली. ती नॉर्वेतल्या मुलांबरोबरीनं वाढली. उंचीत रक्ताचा वाटा नाही असं नव्हे. पण पाचव्या वर्षापर्यंत पडणाऱ्या फरकात ताट, आजारपण आणि आईची तब्येत यांचा वाटा फार मोठा. यावर आपल्याच बालरोगतज्ज्ञांत वाद आहे: काहींच्या मते हा तक्ता आपल्याकडचं कुपोषण फुगवून दाखवतो, कारण आईच्या बुटकेपणाचा परिणाम एका पिढीत पुसला जात नाही. मला यात थोडं तथ्य वाटतं. पण तक्ता खाली ओढला की मुलं उंच होत नाहीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं लुकडी निघाली. त्यात लुकडेपणाची देशाची सरासरी १९.३ होती. आपण पुढारलेलं राज्य म्हणवतो, त्या अभिमानाला हा आकडा टोचतो.

परदेशात शेंगदाण्याच्या पाकिटानं मुलं बरी होतात म्हणे. मग आपली शेंगाची चटणी?

ते पाकीट १९९६ मध्ये फ्रान्समध्ये तयार झालं: शेंगदाण्याची पेस्ट, दूध भुकटी, साखर, तेल आणि वर जीवनसत्त्वं व खनिजं. एका पाकिटात साधारण ५०० कॅलरी. त्यात पाणी नसतं, त्यामुळे जंतू वाढत नाहीत आणि आई घरीच मुलाला चाटवू शकते. आफ्रिकेत मलावीसारख्या देशांत यामुळे मुलांना आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवणं टळलं.

चटणी त्याची जागा घेणार नाही. तिच्यात दूध नाही, खनिजांचं ते प्रमाण नाही, आणि वर्षाच्या पोराला लसणाचा ठसका कोण देणार? भारतात पाकिटांवरून जोराचं भांडण आहे. एक बाजू म्हणते, सॅम मूल मरणाच्या दारात असताना चुलीवरच्या खिचडीचा आग्रह धरू नका. दुसरी म्हणते, आज औषध म्हणून आलेलं पाकीट उद्या रोजचं जेवण होईल आणि कंपन्यांचं फावेल. २०१७ मध्ये केंद्रानंही राज्यांना सबुरीचा सल्ला दिला. माझ्यापुरतं सांगते: सॅमच्या मुलाला, डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे द्यायला हरकत नाही. मॅमच्या मुलाला शेंगदाणा-गुळाचा लाडू, अंडं आणि दिवसातून पाच वेळा थोडं थोडं जेवण.

लहानपणी खाल्लेलं मोठेपणी पुरतं का हो?

ग्वाटेमालात १९६९ ते ७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत मुलांना 'आतोले' हे प्रथिनांची आणि कॅलरींची भर घातलेलं दाट पेय मिळे, दोन खेड्यांत 'फ्रेस्को' हे पातळ गोड सरबत. तीसएक वर्षांनी तीच मुलं शोधून काढली. अगदी लहान वयात आतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी कमाई इतरांपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त निघाली. बायकांच्या कमाईत तसा फरक दिसला नाही. बायकांना कमाईची कामंच किती मिळत होती, हेही त्या आकड्यामागे आहे.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण आपलं बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. स्नायू कमी, कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्लंडच्या बाळाएवढी. दिसायला बारीक, आतून चरबीवाला. पुढे बी-१२ ची कमतरता आणि मुलांमधला मधुमेहाचा कल यांचा धागाही याच कामात सापडला. याज्ञिकांचा स्वतःचा एक फोटो डॉक्टरमंडळींत प्रसिद्ध आहे: शेजारी इंग्रज सहकारी, दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तंतोतंत २२.३. चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

मग गरोदरपणी खाऊ घातलं की झालं? मुंबईच्या वस्त्यांत सहा हजारांवर बायकांना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ दिला, तोही दिवस राहण्याआधीपासून. सरसकट सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. दिवस राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ मिळालेल्यांत थोडी वाढ दिसली. गरोदरपणातला मधुमेह मात्र स्पष्ट कमी झाला. सासूबाईंना मी हे असं सांगते: सून गरोदर आहे कळल्यावर तूप वाढायला लागलात, पण उशीर झाला.

डाळिंब आणि बीट खाल्ल्यानं रक्त वाढतं ना? लालच असतं की!

लाल रंग लोहाचा नसतो. साध्या डाळिंबात लोह अगदीच थोडं. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं 'सोलापूर लाल' हे वाण काढलं, त्याच्या दाण्यांत शंभर ग्रॅमला साडेपाच-सहा मिलिग्रॅम लोह असल्याचं केंद्र सांगतं. बाजारातलं डाळिंब कुठल्या वाणाचं आहे ते विचारून घ्या. डाळिंब खरं कामाला येतं ते त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे, कारण भाकरीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं. तेच काम लिंबाची फोड स्वस्तात करते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की हे सगळं फुकट.

एका सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त मुलांना ॲनिमिया, दुसऱ्यात कमी. खरं कोणाचं?

रक्त कुठून घेतलं ते विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत बोटाला टोचून थेंब घेतला आणि ५८.६ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. जवळपास त्याच काळात, २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तिथे एक ते चार वर्षांची सुमारे ४१ टक्के. वयोगट थोडे वेगळे आहेत हे खरं, पण बोट दाबून थेंब काढला की त्यात अंगातलं पाणी मिसळतं. मी स्वतः थंडीतल्या सकाळी मुलांची गार बोटं दाबली आहेत, माझ्याही हातून ते झालं असणार.

मग लोहाच्या गोळ्या द्यायच्या की नाही?

आपल्याकडे द्यायच्या. शाळेतली गोळी आठवड्याला एक, गरोदर बाईची रोज. शी काळी होते, घाबरू नका.

'आपल्याकडे' हा शब्द मुद्दाम वापरला. झांझिबारजवळच्या पेंबा बेटावर लहान मुलांना रोज लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं तेव्हा दवाखान्यात भरती आणि मृत्यू वाढले आणि प्रयोगाचा तो भाग थांबवावा लागला. तिथे तेव्हा मलेरिया बारमाही होता. नेपाळच्या तराईत तसाच प्रयोग झाला, तिथे नुकसान दिसलं नाही.

आज चांगलं म्हणतात, उद्या वाईट. तुमच्या शास्त्रज्ञांचं एकमत का होत नाही?

'अ' जीवनसत्त्वाचं घ्या. इंडोनेशियात आचे प्रांतात आल्फ्रेड सोमर या डॉक्टरनं लहान मुलांना सहा-सहा महिन्यांनी एकेक मोठा डोस दिला आणि १९८६ मध्ये छापलं की बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. जगभर त्याचे कार्यक्रम निघाले. पुढे उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर १९९९ ते २००४ या काळात चाचणी झाली, तिचा निकाल यायला २०१३ उजाडलं: घट अवघी ४ टक्के, तीही योगायोगानं असू शकेल इतकी. एक गट म्हणाला, डोस नीट पोचलेच नसतील. दुसरा म्हणाला, आता पूर्वीइतकी कमतरताच उरली नाही. एकाच वस्तूनं एका गावात जीव वाचतात आणि दुसऱ्या गावात फरक पडत नाही, कारण दोन्ही गावांची ताटं आणि दवाखाने वेगळे असतात.

संडास आणि स्वच्छ पाण्याचंही असंच झालं. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत त्यांनी मुलांची उंची वाढली नाही. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले. तेवढ्यासाठीसुद्धा संडास बांधावाच.

आम्ही दिवसभर विड्या वळतो. तुमच्या अभ्यासात आम्ही कुठे बसतो?

नीलम नगरात एका मावशींनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या मांडीवर सूप होतं, सुपात तंबाखू आणि पानं, आणि हात थांबले नव्हते.

आमच्या फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात त्या 'गृहिणी' पडायच्या, कारण काम घरात चालतं. तंबाखू हाताळणाऱ्यांच्या लघवीत निकोटिनचा माग सापडतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे विडी न ओढताही ती अंगात जाते. त्या बायकांच्या ॲनिमियाचं कारण मी फॉर्मवर "आहारात लोह कमी" असं लिहायची. पण दिवस मी पाहिला होता: हजार विड्यांच्या हिशोबामागे जेवणाची वेळ सरकते, मध्ये तीन-चार चहा होतात, मग पोरांचं उरलेलं खायचं. यात लोह कमी, आणि वेळही कमी. वेळेला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. तो असायला हवा, असं मी बैठकीत दोनदा बोलले.

सही कशाला घेता? नाही म्हटलं तर रेशन बंद होईल का?

नाही. संशोधनात भाग घ्यायचा की नाही हा तुमचा हक्क आहे. मध्येच सोडता येतं, आणि त्यामुळे रेशन, अंगणवाडी किंवा दवाखाना यांतलं काहीही अडवता येत नाही. कागद तुमच्या भाषेत वाचून दाखवला पाहिजे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांत तो तेलुगूत लागतो, मराठीत वाचून अंगठा घेणं ही संमती नव्हे. मुलाच्या वतीनं आईवडिलांची सही हवी. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना लस टोचण्याच्या एका प्रकल्पात वसतिगृहांच्या वॉर्डननीच मुलींच्या वतीनं सह्या केल्या, ते प्रकरण संसदेच्या समितीपर्यंत गेलं. रक्त घेणार असतील तर किती घेणार, त्यातून काय तपासणार आणि अहवाल मला कधी देणार, हे सहीआधी विचारा. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळतो. आम्हीही अडखळायचो. एका वस्तीत आम्ही दोनदा रक्त नेलं आणि अहवाल कोणालाच परत दिले नाहीत. तिसऱ्यांदा दारं उघडली नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबर होतं.

पुन्हा याल तेव्हा कधी याल?

विडीचा माल कारखान्यात देऊन बाया परतल्या की. ज्वारीच्या काढणीत नाही, आणि एकादशीला तर मुळीच नाही. चहा मात्र जेवणाआधी तासभर द्या.